नोकरी सोडण्याआधीचे सहा महिने : बडोद्यात भाजणीचा उद्योग सुरू करण्यापूर्वीच्या तयारीच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या माल पाठवणी विभागात मी सतरा वर्षे काम करीत आहे. घरी आईच्या हातची चकलीची भाजणी, थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट यांना दांडिया बाजारातील ओळखीच्या घरांतून दरवर्षी मागणी येते आणि आई ती भिडेखातर, धान्याच्या किमतीत पुरी करून देते. हेच काम उद्योग म्हणून करावे असे आम्ही घरात ठरवले आहे. राजीनामा ३१ जुलैला द्यावा आणि उद्योगाचा आरंभ लाभपंचमीला, म्हणजे ६ नोव्हेंबरला करावा, असा आजचा बेत आहे, कारण येथील बहुतेक व्यापारी दिवाळीनंतर त्याच दिवशी नव्या वहीत पहिली नोंद करतात.

अशाच विचारात असलेल्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवीत आहे. आकडे खरे लिहीन आणि जे चुकेल तेही लिहीन.

२ जून, रविवार

उद्योगाचा हिशेब मांडण्याआधी घराचा हिशेब मांडला, आणि पहिला धक्का तेथेच बसला. दरमहा घरखर्च किती, असे कोणी विचारले असते तर मी बेधडक ३२,००० रुपये म्हणालो असतो. पासबुकातील गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी एकेक करून वहीत उतरवल्या तेव्हा बेरीज ४,९९,२०० रुपये झाली, म्हणजे महिन्याला ४१,६००. शाळेची फी, विम्याचे हप्ते, स्कूटरची दुरुस्ती, गणपती, दोन लग्नांचे आहेर आणि आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन हे सगळे मी मनात ‘कधीतरी येणारे खर्च’ म्हणून बाजूला ठेवले होते, पण त्यांच्यातला एक ना एक दर महिन्याला आलेलाच होता.

सहा महिने उद्योगातून एक पैसाही मिळणार नाही असे धरले, तर २,४९,६०० रुपये हाताशी हवेत. माझ्याजवळ २,१०,००० आहेत. पत्नीच्या शिकवण्यांचे उत्पन्न उन्हाळ्यात बंदच असते, म्हणून ते धरले नाही. तूट ३९,६०० रुपयांची आहे. भविष्य निर्वाह निधीतील ७५ टक्के रक्कम २०२४ च्या नियमाप्रमाणे नोकरी सुटल्यावर महिन्याभराने काढता येत होती, परंतु त्या पैशाला हात लावायचा नाही असे पत्नीने स्पष्ट सांगितले आणि मला ते पटले. राजीनामा ३० सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला आहे. हा हिशेब करायला दोन रविवार गेले, पण तो केला नसता तर मी जानेवारीपासून उधारीवर घर चालवीत असतो.

२३ जून, रविवार

विक्रीसाठी म्हणून पहिला घाणा काढला. चकलीच्या भाजणीचे दहा किलो धान्य असे होते : तांदूळ साडेपाच किलो, हरभरा डाळ अडीच, उडीद डाळ एक, मूग डाळ अर्धा किलो, पोहे ३०० ग्रॅम, धने १५० आणि जिरे ५०. हाथीखाना या धान्यबाजारातील घाऊक भावाने याचे ७४६ रुपये झाले. तयार पीठ मात्र ९ किलो २०० ग्रॅमच भरले, कारण भाजताना ओल उडते आणि दळताना थोडे पीठ यंत्रातच राहते. घरी वर्षानुवर्षे भाजणी होत असूनही ही घट आम्ही कधीच मोजलेली नव्हती.

गॅस ३५, दळणावळ १०० आणि पिशवी व लेबल मिळून नगामागे ७ रुपये धरले, तर अर्ध्या किलोच्या १८ पिशव्यांचा खर्च १,००७ रुपये होतो. आईशी बोलून किंमत ७० रुपये ठेवली होती, म्हणून सगळ्या पिशव्या विकल्या तर हाती २५३ रुपये राहतात. वेळेचा हिशेब करताना मी आधी फक्त भाजण्याचे दोन तास वीस मिनिटे लिहिली होती. पत्नीने वही पुढे ओढून बाकीचे लिहायला लावले : निवडणे व धुणे सत्तर मिनिटे, पसरणे व हलवणे पन्नास, घंटीवर (बडोद्यात आम्ही गिरणीला घंटीच म्हणतो) जाणे-येणे व रांग नव्वद, चाळणे व भरणे ऐंशी आणि घरोघर पोचवणे एकशे दहा. एकूण नऊ तास झाले. तासाला २८ रुपये पडतात.

घंटीवरही चूक झाली. माझ्या आधी कोणीतरी मिरची दळून नेली होती आणि मी न विचारता डबा ठेवला. पहिल्या दीड किलो पिठाला मिरचीचा ठसका आला, तो अखेरपर्यंत गेला नाही. ते पीठ घरी थालीपिठात संपवले. घंटीवाल्या भाईंनी सकाळी आठच्या आधी यायला सांगितले आहे. तेव्हा यंत्र झाडलेले असते, आणि तरीही आधी मूठ-दोन मुठी तांदूळ दळून ते पीठ वेगळे काढावे असे त्यांनी सुचवले.

१४ जुलै, रविवार

जूनपासून आजवर ४१ पिशव्या दिल्या. त्यांपैकी १३ पिशव्यांचे पैसे आलेले नाहीत, म्हणजे ९१० रुपये. एकही गिऱ्हाईक पैसे बुडवणारे नाही. सगळी आमच्या नात्यातली किंवा शेजारची माणसे आहेत आणि पैसे न येण्याचे कारण मी आहे. पिशवी हातात देताना किंमत सांगण्याची वेळ आली की माझा आवाज खाली जातो, आणि समोरून ‘किती झाले?’ असा प्रश्न आला की ‘बघू नंतर’ हे शब्द आपोआप बाहेर पडतात. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी हेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

कंपनीत सतरा वर्षे मी लाखोंचा माल रवाना केला, पण पैसे मागण्याचे काम दुसऱ्या विभागाचे होते. स्वतःच्या मालाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा प्रसंग आयुष्यात कधी आलाच नव्हता. परवान्यांची यादी मी मे महिन्यातच केली होती, पण ही गोष्ट त्या यादीत नव्हती, आणि आज मला ती बाकी सगळ्यांपेक्षा मोठी वाटते.

उपाय म्हणून तीन गोष्टी केल्या. बँकेत वेगळे खाते उघडले आणि त्याचा क्यूआर कोड जाड कागदावर छापून कापडी पिशवीला बांधला. मागणी फोनवर घेताना किंमत आधी सांगायची आणि मगच पत्ता विचारायचा, हा क्रम ठरवला. आणि रोज रात्री जेवणानंतर पत्नी गिऱ्हाईक होते व मी तिला किंमत सांगतो. पहिले काही दिवस आम्हा दोघांनाही अवघड वाटले. आता ‘अर्ध्या किलोचे सत्तर रुपये, काकू’ हे वाक्य न अडखळता येते.

२८ जुलै, रविवार

या महिन्यात कागदपत्रे केली. त्यात झालेले नुकसान क्रमाने सांगतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर आधार व पॅन क्रमांक देऊन विनामूल्य होते. मी शोधताना वर आलेल्या पहिल्याच पानावर माहिती भरली. ते पान दिसायला सरकारी होते, पण एका मध्यस्थाचे होते, आणि १,५०० रुपये भरल्यानंतर ते माझ्या लक्षात आले. प्रमाणपत्र मिळाले ते खरेच आहे, पण पैसे वाया गेले.

अन्नसुरक्षेची नोंदणी सोपी निघाली. २०२४ मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरत होती, तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळत होता. मात्र ही नोंदणी जागेशी बांधलेली असते. करेलीबागेत तळमजल्यावरची एक खोली १ जुलैपासून भाड्याने घेतली आहे (अनामत १०,००० रुपये) आणि नोंदणी तिच्याच पत्त्यावर केली. दुकाने व आस्थापनांच्या गुजरातच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे २०२४ मध्ये दहापेक्षा कमी माणसे असतील तर ऑनलाइन माहिती कळवणे पुरेसे होते, तेही केले.

जीएसटीबद्दल माझा समज अर्धवट होता. मालाच्या विक्रीवर ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, एवढेच मला ठाऊक होते. पुण्यातील मावशीच्या सोसायटीतून वीस पिशव्यांची मागणी आली आणि मी कुरिअरचा दरही विचारून ठेवला होता. ओळखीच्या सनदी लेखापालांनी वेळेवर थांबवले, कारण माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. बडोद्यात मराठी माल करणाऱ्या माणसाला पहिली मागणी पुण्या-मुंबईच्या नातलगांकडूनच येते, म्हणून हे येथे ठळकपणे लिहून ठेवतो. ती मागणी मी नाकारली.

लेबलाची चूक मनाला सर्वांत जास्त लागली. ५०० लेबले मोठ्या हौसेने पूर्ण मराठीत छापून घेतली. नियमानुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो आणि त्याच्या जोडीला दुसरी भाषा चालते. नुसती मराठी पुरत नाही. शिवाय किमतीपुढे ‘सर्व करांसहित’ हे शब्द आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक राहून गेले होते. १,२०० रुपयांची लेबले रद्दीत गेली. नव्या लेबलावर हिंदी आणि त्याखाली मराठी आहे, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने आहेत आणि हिरव्या चौकोनातला ठिपकाही आहे.

वजनाचेही असेच झाले. घरच्या छोट्या काट्यावर भरलेल्या पिशव्या घंटीवरच्या काट्यावर ठेवल्या, तर काही ४८८ ग्रॅम भरल्या. विक्रीसाठी वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलाच काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. तसा काटा ३,६०० रुपयांना घेतला. आधी दिलेल्या पिशव्या कमी भरल्या असतील, म्हणून त्या घरांना पुढच्या खेपेला वाटीभर भाजणी जास्त दिली.

४ ऑगस्ट, रविवार

प्रत्येक घाण्याची एक पिशवी तारीख घालून बाजूला ठेवतो. २३ जूनची पिशवी आज, बेचाळिसाव्या दिवशी उघडली. पिठात जाळी धरली होती आणि बोटाने मोकळे केल्यावर दोन अळ्या निघाल्या. लेबलावर तीन महिन्यांची मुदत लिहिण्याचा माझा विचार होता.

कारण शोधायला जुलैच्या घाण्याच्या पिशव्या प्रकाशात धरून पाहिल्या. दोन पिशव्यांत, वरच्या शिवणीच्या खाली, आतल्या बाजूने अगदी बारीक दव जमलेले दिसले आणि तेथे पीठ प्लॅस्टिकला चिकटून राखाडी पडले होते. म्हणजे घंटीवरून आणलेले पीठ कोमट असतानाच मी भरले होते. दुसरे कारण धुतलेल्या तांदळाचे. उन्हाळ्यात गच्चीवर एका दिवसात वाळतो, पण पावसाळ्यात पंख्याखाली एक रात्र पुरत नाही. आईने तांदळाचा एक दाणा माझ्या दाताखाली द्यायला लावला. तो कट्‌ करून तुटला पाहिजे होता, तो दबला.

आता पंख्याखाली दोन पूर्ण दिवस, भाजल्यावर दाणा दाताखाली पाहणे आणि दळलेले पीठ रात्रभर पंच्यावर पसरून सकाळी भरणे, असे ठरवले आहे. मुदत ४५ दिवस लिहीन, आणि पावसाळ्यात मागणीपुरतेच काढीन.

१८ ऑगस्ट, रविवार

दिवाळीच्या आधी भाव चढतील या भीतीने हाथीखान्यातून ७२ किलो धान्य घेतले : तांदूळ ४०, हरभरा डाळ २०, उडीद ८ आणि मूग ४ किलो, एकूण ५,३२० रुपयांचे. व्यापारी शेठ म्हणाले होते, ‘चोमासामां माल भराय नहीं.’ पावसाळ्यात माल भरू नये, हे येथे घराघरात पाळले जाते आणि वर्षाचे धान्य एप्रिल-मेमध्येच भरतात. मी ऐकले नाही. पोती करेलीबागेच्या खोलीत फळ्यांवर रचली आहेत.

३१ ऑगस्ट, शनिवार

जन्माष्टमीपासून, म्हणजे २६ तारखेपासून विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फुटांची असताना पाणी ३५ फुटांच्या वर गेले. दांडिया बाजारात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून घरी सगळे सुखरूप आहेत, पण करेलीबागेत काल सकाळपर्यंत पोचता आले नाही.

खोलीच्या भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ आहे. डाळीची पोती फुगून शिवणीवर फाटली होती आणि आंबूस वास जिन्यापासून येत होता. कपाटातल्या ९०० कोऱ्या पिशव्यांमध्ये चिखल शिरला होता. तांदळाचे सर्वांत वरचे पोते अर्धे कोरडे दिसले, तेव्हा वरचे दहा किलो वाचवावेत असे मनात आले आणि मी ते वेगळे करूनही ठेवले. आईला फोन केला. तिने एवढेच विचारले, ‘घरात शिजवशील का?’ गटाराचे पाणी शिरलेल्या खोलीतला तो तांदूळ मी घरात शिजवला नसता. सगळे धान्य महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत टाकले.

धान्य ५,३२०, पिशव्या ४,१४० आणि खोली सोडताना अनामतीतून कापले गेलेले ४,००० धरून १३,४६० रुपयांचे नुकसान झाले. ज्यांची घरेच पाण्यात गेली त्यांच्यापुढे हे काहीच नाही, तरीही तयारीच्या हिशेबात ते लिहिणे भाग आहे. खोली घेताना मी भाडे पाहिले आणि वीज पाहिली. पाणी कोठवर येते हे शेजाऱ्यांना विचारले नाही, जरी या शहरात मी जन्मापासून राहतो.

१५ सप्टेंबर, रविवार

काम घरीच करायचे ठरवले. मागची खोली रिकामी करून रंगवली, पत्ता बदलल्याने अन्नसुरक्षेची नोंदणी नव्याने केली आणि लेबले पुन्हा छापली. यावेळी दीडशेच छापली.

गणपतीला आलेल्या एका आप्ताने आरोग्यविम्याविषयी विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. तो या एप्रिलपासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. अपघात सोडल्यास पहिले तीस दिवस कोणताच दावा मिळत नाही. म्हणून नोकरी चालू असतानाच कुटुंबाची पॉलिसी घ्यायची, आणि गटविम्याच्या त्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मिळते का, हेही लेखी विचारले आहे. पुराचे नुकसान आणि हा हप्ता मिळून राखीव रक्कम पुन्हा कमी पडली, त्यामुळे राजीनामा आता ३१ डिसेंबरला देईन. घरात यावरून दोन दिवस अबोला होता. पत्नीचे म्हणणे होते की तारीख दुसऱ्यांदा बदलताना मी तिला आधी विचारायला हवे होते, आणि ते बरोबर होते.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्रात पहिला मोठा घाणा काढला. भाड्याने मोठी कढई आणली आणि ३० किलो धान्य शनिवार-रविवारात भाजले. निवडण्यापासून पोचवण्यापर्यंत १६ तास लागले, ५५ पिशव्या झाल्या आणि खर्च ३,०१८ रुपये आला. किंमत ९५ केली आहे. सगळ्या पिशव्या गेल्या तर २,२०७ रुपये राहतील, म्हणजे तासाला सुमारे १३८. किंमत वाढवल्यावर जुन्या घरांपैकी दोघांनी नको म्हटले. मला फार वाईट वाटेल असे वाटले होते, तसे झाले नाही.

पहिल्या कढईत मी डाळ एकदम तीन किलो टाकली आणि खालची लालसर होईपर्यंत वरची कच्चीच राहिली. मोठ्या कढईतही एका वेळी दीड किलोच भाजावी, असे आईने सांगितले. वेळ वाचतो तो कढई तापलेली राहते म्हणून.

२७ ऑक्टोबर, रविवार

चार शनिवार-रविवारांत चार घाणे झाले. २२० पिशव्यांपैकी चार नमुन्यासाठी ठेवल्या आणि २१६ विकल्या. २०,५२० रुपये आले, उधारी शून्य. खर्च १२,०७२ आणि पेट्रोल ६०० वजा जाता ७,८४८ रुपये उरले. उजवे मनगट रात्री ठणकते. भाजताना झारा दोन्ही हातांनी आलटून पालटून धरण्याची सवय करीत आहे.

एक गोष्ट मला मेमध्येच सुचायला हवी होती. कालपासून चकलीच्या भाजणीची मागणी थांबली आहे, कारण ज्यांना चकल्या करायच्या होत्या त्यांनी केल्या. लाभपंचमीला मी जे दुकान मांडणार होतो, त्याच्या मुख्य मालाला त्या दिवसापासून पुढे दहा महिने गिऱ्हाईक नाही. म्हणून २१६ पिशव्या नेणाऱ्या घरांना फोन केले, किंमत आधी सांगितली, आणि थालीपीठाची भाजणी व मेतकूट दरमहा घ्याल का असे विचारले. एकोणतीस घरे हो म्हणाली. महिन्याला साधारण ४० पिशव्या होतील. एवढ्यावर घर चालत नाही, हेही वहीत त्याखालीच लिहिले आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार, लाभपंचमी

सकाळी देवापुढे नवी वही ठेवून कुंकवाने स्वस्तिक काढले. पहिली नोंद थालीपीठाच्या भाजणीच्या सहा पिशव्यांची आहे, शेजारच्या काकूंच्या नावावर. पिशवी हातात घेण्याआधी त्यांनी पैसे पाठवले, आणि जूनमधल्या दोन पिशव्यांचे १४० रुपयेही त्यात होते. ते मी विसरलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या.

साडेआठला कंपनीची बस पकडली. डिसेंबरअखेर दरमहाची घरे साठपर्यंत गेली तर राजीनामा देईन, नाहीतर मार्चपर्यंत थांबेन. हा आकडा पत्नीने आणि मी मिळून ठरवला आहे. शनिवारी ज्वारी आणि बाजरी निवडायची आहे.